चना डुकरानं खाल्ला, पंचनाम्यात आले सात गुंठे

धुऱ्यावरचा | सोमवार, रात्री ११:१०

मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्र असतो. आज लिहितोय कारण जागलीवर (रात्रीच्या राखणीवर) आहे, झोप उडालीच आहे, आणि आमच्याकडे मोबाइलला रेंज फक्त मचाणीवर मिळते.

गाव ताडोब्याच्या पश्चिमेला, व्याघ्र प्रकल्पाच्या बफरला चिकटून. दोन वावरं आहेत. एक गावाला लागून, दोन एकर. दुसरं नाल्यापलीकडे जंगलाच्या अंगाला, तेही दोन एकर. यंदा दोन्हीकडे चना. जॅकी ९२१८, एकाच दुकानातून आणलेलं बी, एकाच दिवशी पेरलेलं. मागच्या आठवड्यात घरात लग्न निघालं आणि दोन रात्री जागल चुकली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा नाल्याकडे गेले तर कोपऱ्यात कोणी नांगर घातल्यासारखं झालेलं. घाटे भरत आले होते. डुक्कर घाटा तोडून खात नाही हो. झाड उपटतं, दोनदा चावतं, टाकतं, पुढच्याकडे जातं. खातं कमी, नासतं जास्त.

त्याच दिवशी अर्ज केला. वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक हे तिघं एका वेळी एका बांधावर उभे राहायला पाच दिवस लागले. टेप लावला, उकरलेला तुकडा मोजला, सात गुंठे. मी म्हटलं, साहेब, हे उकरलेलं आहे म्हणून डोळ्याला दिसतं. पण पेरल्यापासून रोज रात्री चितळं शेंडे खुडून जातात, फुलावर आलं तेव्हा रोही (नीलगाय) फिरून गेला, त्याचं काय? त्यांनी बाकीच्या वावरावर नजर टाकली. "हिरवं तर आहे ना भाऊ."

हिरवं आहे. घाटे नाहीत. वनरक्षक पोरगा भला होता, त्याच्यावर राग नाही. त्याच्या फॉर्ममध्ये 'हिरवं पण रिकामं' असा रकानाच नाही.

माझा प्रश्न सोपा आहे. जे उकरलं ते सोडून बाकीचं गेलेलं पीक मोजायची काही रीत आहे का? कोणी कुठे मोजून घेतलंय का? अनुभव सांगा.

---

रिकामटेकडा_७२ | सोमवार, रात्री ११:२६

रुमाल टाकून ठेवतो. मचाणीवरून धागा काढणारे तुम्ही इथले पहिलेच.

---

खाकी_निवृत्त | मंगळवार, सकाळी ७:०५

३१ वर्षं वनखात्यात काढली, वनपाल म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खायची सवय आहे, बिनधास्त द्या.

आधी नियम सांगतो, कारण अर्धे अर्ज नुकसान खोटं असतं म्हणून जात नाहीत, उशीर झाला म्हणून जातात. पिकाचं नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत कळवायचं. जनावर मारलं असेल तर ४८ तासांत, आणि पंचनामा होईपर्यंत मढं जागचं हलवायचं नाही. सातबारा जोडायचा, बँक पासबुकाची प्रत जोडायची, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोच घ्यायची. 'साहेबांना फोनवर सांगितलं होतं' याला काडीची किंमत नाही. पंचनाम्याला तलाठी लागतोच. (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण म्हणतं कोण!) अतिक्रमित वनजमिनीवरच्या पिकाला भरपाई नाही. ज्या घरची चारपेक्षा जास्त गुरं त्याच जंगलात चरायला जातात त्यांनाही नाही. ही दुसरी अट पुष्कळांना अर्ज फेटाळल्यावरच कळते.

दराचं म्हणाल तर २०१५ च्या शासन निर्णयात १० हजारांपर्यंतचं नुकसान पूर्ण, त्यावरच्या रकमेच्या ८० टक्के, आणि एकूण २५ हजारांच्या वर नाही, असा हिशेब होता. उसाला टनामागे ८०० रुपये. पुढे दर वाढले. पण दर वाढवून तुमचा प्रश्न सुटत नाही, कारण दर शेवटी सात गुंठ्यांनाच लागणार.

आता आतली गोष्ट. आम्हाला पंचनामा शिकवलाच कोणी नाही. मी पहिला केला तो वरिष्ठांचा जुना कागद समोर ठेवून. टेप, नजर, आणि 'अंदाजे टक्के'. अंदाज जास्त लिहिला तर वरून विचारणा होते, कमी लिहिला तर शेतकरी बोलतो. शेतकऱ्याच्या बोलण्यानं पगारवाढ अडत नाही. काय ते समजून घ्या.

---

शेळीवाली | मंगळवार, दुपारी २:४०

जुन्नर तालुक्यातून. आमच्याकडे पिकाचं नाही, जिवाचं आहे.

दोन वर्षांपूर्वी गोठ्याच्या जाळीखालून बिबट्यानं शेळी ओढून नेली. गाभण होती, पंधरा दिवसांवर आलेली. मढं उसात सापडलं, मागचा भाग खाल्लेला. हलवायचं नाही म्हणून ते तिथंच. ऊस आमचा नाही, शेजाऱ्यांचा, आणि त्यांना पाणी सोडायचं होतं. दीड दिवस मी आणि सासूबाई आळीपाळीनं मेलेल्या शेळीची राखण करत बसलो. बिबट्या परत येणार हे बारक्या पोरालाही ठाऊक असतं, त्याची शिकार आहे ना ती. म्हणजे भरपाई हवी तर त्याच्या ताटाशेजारी बसा!

शेळीला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, यात जे कमी ते. गाय, बैल, म्हैस असेल तर ७० हजारांची मर्यादा. डॉक्टरांनी आमच्या शेळीची किंमत लिहिली ती साध्या शेळीची. पोटातल्या दोन करडांचा रकाना नाही. (धुऱ्यावरचे भाऊ, तुमच्या रकान्याचं वाचलं आणि हेच आठवलं.)

शिरूरकडच्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जातानाचे व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. इकडे मोटारीची वीज रात्रीची देतात. रात्री उसाला पाणी द्यायला माणूस गेला आणि काही झालं तर २५ लाख. दिवसा वीज दिली असती तर तो गेलाच नसता. मला त्या २५ लाखांपेक्षा दिवसाची वीज पाहिजे.

---

पाणथळ | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

सगळ्यांच्या नुकसानीबद्दल वाईट वाटतंय. पण एक बाजू मांडू दे. आपण जंगलं तोडली, मधून रस्ते काढले, मग प्राणी जाणार कुठे? ते आपल्या शेतात आले नाहीत, आपण त्यांच्या घरात गेलोय. बिबट्यांचंच घ्या. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेयांनी अकोल्याच्या, म्हणजे अकोले तालुक्याच्या शेतशिवारात कॅमेरे लावले तेव्हा गावांच्या मधोमध बिबटे राहतात आणि वर्षानुवर्षं कोणाला हात लावत नाहीत असं दिसलं. उलट जुन्नरमध्ये पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लावला त्या काळातच माणसांवरचे हल्ले वाढले. प्रत्येक वेळी 'पकडा, मारा' हे उत्तर नसतं. भरपाई वेळेत मिळाली तर लोक सहन करतात, असं मला वाटतं.

---

धुऱ्यावरचा | मंगळवार, रात्री १०:५०

पाणथळ ताई/दादा, 'पकडा, मारा' माझ्या पोस्टीत कुठे आहे? मी रकाना मागतोय.

आणि 'त्यांच्या घरात गेलोय' म्हणाल तर हे वावर पणजोबांच्या नावावर होतं. शिवाय आमच्या नाल्यातलं डुक्कर जंगलातून येतच नाही. ते नाल्याकाठच्या वेड्या बाभळीत जन्मतं, तिथंच मोठं होतं, आमच्याच चन्यावर. रोहीचंही तेच. कित्येक कळपांनी जंगल पाहिलेलं नसेल, पडीक आणि झुडपं एवढंच त्यांचं जग. वाघ मात्र जंगलाचा. त्याला बघायला जिप्सी येतात, त्याचं आम्हाला कौतुक आहे, गावातली चार पोरं गाइड आहेत. वाघानं बैल मारला तर पैसे बऱ्यापैकी येतात. डुकराला बघायला कोणी तिकीट काढत नाही.

जागल म्हणजे काय ते सांगतो, शहरातल्या लोकांना ते जरा रम्य वाटतं. चार बल्ल्या, वर फळ्या, त्यावर तणस, वर ताडपत्री. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज. अकराला, एकला, तीनला उतरून धुऱ्यानं फेरी मारायची, डबा वाजवायचा, बॅटरी फिरवायची. डुकराला डबा आठ दिवस कळतो, नवव्या दिवशी तो डब्याच्या तालावर खातो. मग आईची जुनी लुगडी बांधा. मग न्हाव्याकडून केस आणून टाका. झटका मशीन घेतलं, पण तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत जातो, म्हणजे गवत काढायची वेगळी मजुरी. रोही तर तार घेऊनच जातो. काही लोक तारेत थेट लाइनचा करंट सोडतात. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो, आणि शेजारचा माणूसही मरतो. ते मी करणार नाही, कोणी करू नये.

सकाळी बाबा जागलीवरून येऊन दिवसभर मजुरीच्या कामाचे राहत नाहीत. पंचनाम्यात त्या १२० रात्री कुठे लिहायच्या?

ज्वारीचंही सांगायचं राहिलं. माझ्या लहानपणी नाल्याकडे ज्वारी होती. आता पूर्ण गावात एक ताट दिसणार नाही. पेरलीच नाही तर नुकसान शून्य, भरपाई शून्य. ज्वारी गेली म्हणून कडबा गेला, कडबा गेला म्हणून बैल विकले. हे सगळं डुकरानं खाल्लंय, पण तोंडाचा ठसा कुठे नाही.

---

काजूबी | बुधवार, सकाळी ९:२०

+१०० त्या शेवटच्या परिच्छेदाला.

मी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातली. आमच्याकडे कर्नाटकातून हत्ती आले ते २००२ च्या सुमारास. तेव्हा लोकांनी नारळ फोडून पूजा केली होती, गणपती आला म्हणून. पुढे गणपतीनं माड पाडायला सुरुवात केली. हत्ती माड ढकलतो, आडवा करतो आणि शेंड्यातला कोवळा गाभा खातो. पाच मिनिटांचं काम. माड लागता व्हायला सहा-सात वर्षं जातात. भरपाई झाडामागे मिळते, ती झाड मेलं याची. पुढच्या सहा वर्षांच्या नारळांची नाही. माझे आजे म्हणत, "माडाच्या जाग्यार पैसे लावून नारळ येनत नाय."

२०१५ ला माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडले, त्यातले दोन मेले. त्यावरही रडलो आम्ही, खोटं कशाला सांगू. २०२५ च्या एप्रिलमध्ये मोर्लेत हत्तीच्या हल्ल्यात एक म्हातारे शेतकरी गेले. त्याच वर्षी ओंकार हत्ती गोव्यात जाऊन आला. तिकडे दोन राज्यांच्या वनखात्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं तेव्हा ओंकार मजेत भातात उभा होता.

पण हत्तीचं निदान दिसतं. माकडांचं कोण मोजणार? काजूचं बोंडू कच्चं असतानाच तोडायचं, एक चावा, फेकायचं. बी भरलेली नसते, ती वाया. हे रोज, शंभर झाडांवर, दोन महिने. तीन दिवसांच्या आत कळवा म्हणतात. कुठल्या तीन दिवसांच्या? पहिल्या की साठाव्या?

---

रिकामटेकडा_७२ | बुधवार, सकाळी ११:००

अवांतर: माकडं पकडून लांब सोडतात ती परत येतात का?

---

काजूबी | बुधवार, सकाळी ११:३२

ती येत नाहीत. दुसऱ्या गावची इकडे आणून सोडतात. 😄

---

हुकूमनामा | बुधवार, दुपारी ४:०५

वकिली करतो, त्यामुळे कायद्यापुरतं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये वन्य प्राण्यांमुळे होणाऱ्या हानीच्या भरपाईसाठी वेगळा अधिनियम केला. आधी हे सगळं शासन निर्णयांवर चालायचं, म्हणजे सरकारची मर्जी. आता मुदतीत रक्कम देणं बंधनकारक आहे आणि उशीर झाला तर व्याज मागता येतं. व्याज मागणारा अर्जदार मला अजून भेटलेला नाही. मागा.

दुसरं, २०२२ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयानं रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका विधवेला १० लाख द्यायला लावले. तिच्या नवऱ्याची मोटारसायकल रानडुकराला धडकून तो गेला होता, आणि ४८ तासांत कळवलं नाही ही सबब पुढे केली होती. न्यायालयानं ती ऐकली नाही. तेव्हा मुदत चुकली म्हणून घरी बसू नका.

साप यात येत नाही. सर्पदंशानं शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख मिळतात, तो अर्ज कृषी खात्याकडे करायचा. पुष्कळ जण वनखात्यात खेटे घालत बसतात.

आणि मक्त्यानं शेती करणाऱ्यांचं काय, हे कोणी विचारण्याआधीच सांगतो. सातबारा ज्याच्या नावावर, भरपाई त्याची. पेरलं कोणी, जागलं कोणी, याला कागद नाही.

---

आकडेमोड | बुधवार, रात्री ९:४५

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही म्हणून लिहितो. रीत आहे, आणि ती तुमच्याच भागात तपासलेली आहे.

जीवशास्त्रज्ञ प्रा. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ताडोब्याच्या पश्चिम सीमेवरच्या शेतांत काही हंगाम मोजणी केली, २०१६ मध्ये ते छापून आलं. जंगलाच्या कडेपासून लांब जावं तसं पीक वाढत जातं, आणि डोळ्यानं पाहून केलेला अंदाज खऱ्या घटीपेक्षा फार कमी येतो, हा त्यातला मुद्दा. कारण तुम्ही सांगितलंत तेच. शेंडा खुडलेलं झाड पुन्हा फुटतं, हिरवं दिसतं, पण उशिरा फुलतं आणि कमी भरतं. डुकराचं उकरणं हा त्या नाटकाचा शेवटचा अंक.

यावर त्यांनी सुचवलेला उपाय मला पटतो. खाल्लेलं मोजूच नका, पिकलेलं मोजा. एकाच भागातल्या, एकसारखी मशागत केलेल्या पण जनावरांपासून लांब असलेल्या शेतांचं सरासरी उत्पन्न धरा. त्याच्यापेक्षा जे कमी पडलं ती भरपाई. शेतकरी मुद्दाम कमी सांगेल ना, असं लगेच कोणीतरी म्हणेल. त्यासाठी जास्त पिकवणाऱ्याला वर बक्षीस जोडायचं, म्हणजे कमी सांगितलं की बक्षीस बुडतं. शिवाय गटानं एकमेकांचं माप बघायचं. कोणाचं किती पिकलं हे गावात लपत नाही. लपतं ते सरकारपासून.

धुऱ्यावरचे, तुमच्याकडे तर तयार प्रयोग आहे. एक वावर गावाजवळ, एक जंगलाजवळ, एकच बी, एकच दिवस. काढणी झाली की दोन्हीकडचा माल वेगळा ठेवा आणि वेगळा काटा करा.

---

पाणथळ | बुधवार, रात्री १०:२०

दोन वावरं म्हणजे प्रयोग नव्हे. जमीन वेगळी असू शकते, पाणी वेगळं.

(आणि धुऱ्यावरचे, 'दादा'. तुमच्या मचाणीवरच्या परिच्छेदानंतर माझं पहिलं वाक्य मलाच बोचलं, हे मान्य करतो.)

---

धुऱ्यावरचा | बुधवार, रात्री ११:५५

जमीन दोन्हीकडे तीच काळी, नाल्याकडची उलट जास्त खोल. दोन ओलित इकडे, दोन तिकडे. बाबा म्हणतात, आजोबांच्या वेळी नाल्याकडचं वावर घराण्याचं पोट होतं, गावाकडचं नुसतं भाजीपाल्याचं. काटा वेगळा करतो. कळवतो.

---

खाकी_निवृत्त | गुरुवार, सकाळी ६:५०

डुक्कर मारायच्या परवानगीबद्दल दोघांनी व्यनि (खासगी निरोप) केलाय, इथेच सांगतो. २०१५ पासून रानडुक्कर आणि रोहीसाठी वनक्षेत्रपालाकडे अर्ज करता येतो. पण परवानगी मिळाली तरी मारायचं कशानं? परवान्याची बंदूक गावात एकाकडे, तो ७० वर्षांचा, आणि निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. आपल्याकडे निवडणूक कधी नसते? मारलंच तर मढं खात्याच्या ताब्यात द्यायचं. मटण घरी नेलं तर गुन्हा. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ शेवटपर्यंत सांगत राहिले की डुकरांच्या शिकारीवरची बंदी उठवा, स्थानिकांना अधिकार द्या. आम्ही खात्यात असताना त्यांच्यावर चिडायचो. आता चिडत नाही.

नवीन म्हणजे पीक विमा. वन्यप्राण्यांचं नुकसान विम्यात घ्यायचं केंद्रानं २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर केलंय, खरीप २०२६ पासून. ७२ तासांत ॲपवर जागेसकट फोटो टाकायचे. प्राणी कोणते आणि भाग कोणते हे राज्यानं ठरवायचं. फोटो म्हटल्यावर ओळखा, पुन्हा दिसेल तेच मोजणार.

---

शेळीवाली | गुरुवार, दुपारी १:१५

रात्री बारानंतर रेंज मिळाली तर फोटो. 🙂

---

धुऱ्यावरचा | पाच आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ७:३०

धागा वर काढतोय. काढणी झाली, मळणी झाली. दोन्ही ढीग वेगळे ठेवले, मधे चादर लावली, बायको हसत होती. काटा गावातल्याच दुकानावर केला, दहा जण बघायला होते.

गावाकडचे दोन एकर: १३ क्विंटल ४० किलो.
नाल्याकडचे दोन एकर: ६ क्विंटल १० किलो.

फरक ७ क्विंटल ३० किलो. क्विंटलला ५ हजार धरले तरी साडेछत्तीस हजार. त्यात जागल धरलेली नाही, तार धरलेली नाही, तारेखालचं गवत धरलेलं नाही. पंचनाम्यातल्या सात गुंठ्यांची रक्कम ५,६०० मंजूर झाल्याचा मेसेज आलाय, खात्यात अजून नाही. हुकूमनामा साहेब, व्याजाचा अर्ज तुम्हीच लिहून द्या.

गावातल्या आणखी अकरा जणांनी पुढच्या हंगामात काटा वेगळा करायचं ठरवलंय. नाल्याकडचे सहा, गावाकडचे पाच. पाणथळ दादा, बारा झाले की प्रयोग म्हणाल का?

आमच्या बाबांनी मात्र स्वतःपुरता निकाल लावला. पुढच्या साली नाल्याकडे जवस. जवसाला डुक्कर तोंड लावत नाही. मी म्हटलं, बाबा, मग तिथला काटा कसा करायचा? ते म्हणाले, "तू काटा कर, मले एक साल झोपू दे."

---

पाणथळ | रविवार, रात्री ८:१०

बारा झाले की मी स्वतः येतो, मोजायला. राहायची सोय मचाणीवर चालेल.

---

खाकी_निवृत्त | रविवार, रात्री ८:४०

काट्याच्या पावत्या आहेत ना? दोन्ही?

---

धुऱ्यावरचा | रविवार, रात्री ८:४४

आहेत. दुकानदाराची सही आणि तारीख दोन्हीवर. फोटोही काढले.

---

खाकी_निवृत्त | रविवार, रात्री ८:४६

लॅमिनेशन करू नका, शाई उडते. झेरॉक्स काढून ठेवा.